घोगरा आवाज

वाक्य अर्ध्यावर असताना ती थांबली. खोकला आला नव्हता, पान चिकटलं नव्हतं, पोटात गुरगुर झाली नव्हती. वाचणाऱ्याला थांबावं लागेल असं काहीच घडलं नव्हतं. समोरच्या कागदावर कादंबरीतल्या काकाचं वाक्य होतं, "मी तुला कधी जबरदस्ती केली का, बाळ? तू तुझ्या हातानं प्यायलीस," आणि त्यातलं निम्मं तिच्या तोंडून, पहिल्या दिवशी तिनंच काकासाठी निवडलेल्या मऊ आवाजात, बाहेर पडलं होतं. उरलेलं निम्मं कागदावरच राहिलं. काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टनं मान वर केली. केस पांढरे झाले तरी त्याला अजून टाचणी पडलेली ऐकू यायची. गाता येत नाही त्यानं निदान कानसेन व्हावं म्हणतात, तसा हा कानसेन. सगळे त्याला तेच म्हणायचे आणि त्यालाही ते आवडायचं. त्याचा आवाज तिच्या हेडफोनमध्ये उतरला.

"काय झालं मॅडम? इतका छान जमला होता काका. अंगावर काटा आला बघा."

"मागचं जरा ऐकवता?"

"मागे काही बिघडलेलं नाही."

"तरी ऐकवा. अगदी पहिल्या दिवसापासूनचं, थोडं थोडं."

कानसेननं खांदे उडवले आणि तो शोधायला लागला. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. त्या खोलीत पंखा नव्हता, कारण पंखा ऐकू येतो. मनगटी घड्याळ बाहेर काढून ठेवायचं, बांगड्या घालायच्या नाहीत, खळीचे कपडे नकोत कारण ते सळसळतात. तोंड सुकलं की शब्दांच्या मध्ये चिकट टचटच येते, म्हणून डबीत आंबट सफरचंदाच्या फोडी. भिंतींना जाड करडा स्पंज. बोललेलं सगळं त्या भिंती पिऊन टाकायच्या आणि परत काही द्यायच्या नाहीत. लोकांना वाटायचं, काय मजा आहे या बाईची, बसल्या जागी गोष्टी वाचायच्या. वहिनी तर पाहुण्यांना सांगायची, आमच्या नणंदबाई बडबडीचे पैसे घेतात. आत बसल्यावर दार बाहेरून कानसेन ओढून घ्यायचा आणि ते रबरासकट असं काही बसायचं की कानात दडे बसावेत. इतकी वर्षं तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. घरीही फारसं वेगळं नव्हतं म्हणा.

पुस्तकांच्या बाबतीत तिचं नाक वरच असायचं. जाड, अवघड, जगात दुःख कशामुळे आहे ते सांगणारी पुस्तकं तिनं वाचली होती आणि वाचून दाखवली होती. असं पुस्तक आलं की ती ते आधी दोनदा घरी वाचायची, समासात पेन्सिलीनं खुणा करायची, याला छातीतून बोलवायचं, हिला नाकातून, हा म्हातारा प्रत्येक वाक्याच्या शेवटी दमतो. कारण आवाज एकदा दिला की दिला. पहिल्या प्रकरणात जो दिला तोच शेवटपर्यंत सांभाळावा लागतो, मध्येच बदलला तर ऐकणाऱ्याला वाटतं कुणी नवाच माणूस घरात शिरला. म्हणून सबंध पुस्तक वाचल्याशिवाय माइकसमोर बसायचं नाही हा तिचा नियम, आणि नवीन येणाऱ्यांना तो ऐकवून ऐकवून तिनं त्यांचे कान किटवले होते. या पुस्तकाला मात्र तिनं तो लावला नाही. एक व्हँपायर आणि एका पोरक्या मुलीचं प्रेम! नावच असं होतं की रिक्षावाल्यासमोर उच्चारायची लाज वाटावी. शितावरून भाताची परीक्षा म्हणत तिनं पहिलं पान चाळलं, त्यात कुणाचे तरी डोळे निखाऱ्यासारखे जळत होते, आणि तिनं पानांचा गठ्ठा बाजूला सारला. यात आधी वाचण्यासारखं काय असणार? रक्त पिणारा आहे, म्हणजे त्याला घोगरा, खरखरीत, थोडा हास्यास्पद आवाज. मुलीला सांभाळणारा काका आहे, तिन्हीसांजेला खिडक्या लावून घेतो, अशक्त मुलीला रोज आपल्या हातानं काढा करून देतो, म्हणजे त्याला मऊ, समजूतदार आवाज. ठरवायला वेळही लागला नाही. दोन्ही आवाज जणू तोंडातच तयार होते. व्हँपायरचं पहिलं वाक्य तिनं असं काही खरडून काढलं की कानसेन हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी राहिला.

मग कधीतरी हसू संपलं. कधी, हे तिला सांगता आलं नसतं. तो व्हँपायर रोज संध्याकाळी मुलीच्या दाराशी येऊन उभा राहायचा आणि विचारायचा, "आत येऊ?" त्या लोकांचा तसा नियमच असतो म्हणे, आतल्या माणसानं ये म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. मुलगी उत्तर द्यायची नाही, आणि तो परत जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. डोंगर उचलण्याची ताकद असलेला माणूस एका लाकडाच्या पट्टीपुढे थांबायचा. पहिल्यांदा तिला ते भंपक वाटलं. पुढे असं व्हायला लागलं की संध्याकाळचं पान जवळ आलं की तिची पाठ ताठ व्हायची. बसमध्ये तिला वाटायचं, आज तरी ही बया काही बोलेल का. एकदा भाजी चिरता चिरता तिनं मोठ्यानं म्हटलं, "अगं, हो म्हण ना!" आणि मग स्वतःशीच ओशाळली. पन्नाशीला टेकलेली बाई, दुःखाची एवढी मोठमोठी पुस्तकं पचवलेली, आणि ही कसली मेली ओढ. आता गठ्ठा घरी नेऊन पुढचं वाचून टाकणं सोपं होतं, नियमाप्रमाणे ते तिचं कामच होतं. पण तिनं ते केलं नाही. आधी तुच्छतेनं केलं नव्हतं, आता जिवापाड जपायचं म्हणून केलं नाही. पुढचं ठाऊक नसण्यात जे सुख होतं तसलं तिच्या दिवसात दुसरं काही नव्हतं, बाकी सगळं आधीच ठरलेलं असायचं. परवा रविवारी टेम्पो येणार, हेसुद्धा.

टेम्पो दादानं ठरवला होता. दादा म्हणजे थोरला भाऊ, तिच्याहून चांगला मोठा. वडील गेल्यापासून ती तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात एकटी राहत होती आणि दादा दोन रस्ते सोडून राहायचा. त्याच्याकडे या घराची किल्ली होती, तो कधी बेल वाजवायचा नाही. यायचा, गॅसचं बटण बघायचा, खिडकीची कडी हलवून बघायचा, फ्रिज उघडून म्हणायचा, "बेबी, दूध संपलंय तुझं." दादाच्या तोंडी ती अजून बेबीच होती. गुडघा दुखायला लागल्यावर तो म्हणाला, जिना कशाला चढतेस, आमच्या मागच्या खोलीत ये राहायला, हे घर बंद ठेवू. आवाज चढवला नाही. दादानं आवाज चढवलेला कुणी ऐकलेलाच नव्हता. "बघ बुवा, तुझं तू ठरव," तो म्हणाला. "मी आपलं सांगायचं काम केलं." आणि तिनं ठरवलं. नेहमीसारखं, तेच ठरवलं. मागच्या खोलीला खिडकी होती, ती वहिनीच्या स्वयंपाकघरात उघडायची.

आज सकाळच्या पानांत त्या मुलीनं एका संध्याकाळी कंटाळून काढा कुंडीत ओतला होता. दुसऱ्या दिवशी ती कठडा न धरता जिना चढली. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, आणि वाचणारीच्या लक्षात त्याच क्षणी, एक शब्दही आधी नाही, की रक्त इतकी वर्षं कोण पीत होतं. तिनं काकाला जाब विचारला. काका चिडला नाही. केसानं गळा कापणारी माणसं चिडत नाहीत. त्यानं ते वाक्य म्हटलं, आणि वाचणारी अर्ध्यात थांबली.

"हं, ऐका," कानसेन म्हणाला.

आधी काका आला. "बाळ, खिडकी लावून घे. बाहेर बरं नाही." काळजीनं ओथंबलेला, मधाचं बोट लावणारा आवाज, वाक्याच्या शेवटी किंचित सुस्कारा. हे ती स्वतः बोलली होती हे तिला माहीत होतं, तरी मान वळवून कोण आलंय ते बघावंसं वाटलं. दादा होता तो. सुस्काऱ्यासकट. त्यात आश्चर्य वाटण्यासारखं फार नव्हतं. वाचायला तिला दादानंच शिकवलं होतं, लहानपणी टेबलावर उभं करून, इथे थांब, इथे श्वास घे, इथे गोड बोल. मग कानसेननं व्हँपायर लावला. "आत येऊ?" खरखरीत, ओढलेला, प्रत्येक अक्षराला घशातून फरफटत आणणारा. तिनं हेडफोन कानावर घट्ट दाबून धरला. हाही आवाज तिनं कुठेतरी ऐकला होता, आणि तोही एकदाच नाही.

तेव्हा ती रेडिओवर नवीन होती. तिथे बातम्या लिहिणारा एक जण होता. बातम्या वाचायला त्याला कुणी द्यायचं नाही, कारण त्याचा आवाज घोगरा होता, जन्मभराची सर्दी झाल्यासारखा. तो तिच्या वाचण्याकडे मान तिरकी करून ऐकत राहायचा आणि कधी एखादं वाक्य तिला झेपेल असं लहान करून द्यायचा. मग तो घरी यायला लागला. दार उघडंच असायचं, तरी तो बाहेर पायपुसण्यावर थांबायचा आणि विचारायचा, "येऊ का?" वडील म्हणायचे, ये की बाबा, विचारतोस काय. पण तो दर वेळी विचारायचा आणि दर वेळी तिच्याकडे बघून विचारायचा. एकदा तो गेल्यावर जेवताना दादानं घास बाजूला ठेवला, मान तिरकी केली आणि घसा खरवडत म्हटलं, "येऊ काऽ?" काय हुबेहूब! वडिलांना ठसका लागला. वहिनीनं पदर तोंडाला लावला. आणि ती सगळ्यांत जास्त हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पुढे ते घरातलं हक्काचं करमणुकीचं झालं. कुणीही आत येताना तेच म्हणायचं. मग एका संध्याकाळी तो खरोखरच आला. ती स्वयंपाकघरात होती, दादा बाहेर आरामखुर्चीत. "येऊ का?" ऐकू आलं आणि तिला त्याचा चेहरा दिसायच्या आधी दादाची तिरकी मान दिसली. दादा हळूच म्हणाला, "बेबी, बघ गं, कोण आलंय. तुझं तू ठरव." तिनं आतूनच सांगितलं, "आज नको." आज नको म्हणजे आज नको. पण ज्याला विचारायची सवय असते त्याला उत्तर मानायचीही सवय असते. चपलांचा आवाज जिना उतरून गेला, नि पुन्हा त्यानं आमचा उंबरा झिजवला नाही, असं दादा कितीतरी दिवस गमतीनं म्हणायचा.

तिनं व्हँपायरला दिलेला आवाज त्या माणसाचा नव्हता. तो दादानं केलेल्या नकलेचा होता. काकाही दादा आणि हाही दादाच. सबंध कादंबरीभर दादा स्वतःशीच बोलत बसला होता आणि ती मध्ये नुसता श्वास पुरवत होती. तिनं डोळे मिटून त्या माणसाचा खरा आवाज आठवायचा प्रयत्न केला. मान आठवली. शाईचा डाग पडलेला खिसा आठवला. "येऊ का?" आठवलं की त्यावर दादाचा घसा चढायचा, भांड्यावर झाकण बसावं तसा. आवाजावरच पोट भरणाऱ्या बाईला एक आवाज सांभाळता आला नव्हता. तिला हुंदका आला, आणि तो माइकनं इमानदारीनं टिपला.

"मॅडम," कानसेन जपून म्हणाला, "दार उघडू का?"

"नको. पहिल्यापासून पुन्हा करायचं. त्याच्या सगळ्या जागा."

"कोणाच्या? काकाच्या?"

"काका राहू दे तसाच."

"ते बरं. गोड आहे म्हणून तर तो पटतो." त्यानं समोरच्या कागदावर काहीतरी टिपलं. "पण व्हँपायरचं काय वाईट आहे? मी तर हसलो."

"म्हणूनच."

"ऑफिस ओरडेल हं. तारीख जवळ आलीय. आणि खरं सांगू? कुणाच्या लक्षातही येणार नाही. असली पुस्तकं लोक पोळ्या लाटताना ऐकतात."

"तेव्हाच माणूस नीट ऐकतो," ती म्हणाली. हे वाक्य महिन्यापूर्वी तिला कुणी ऐकवलं असतं तर तिनं नाक मुरडलं असतं.

तिनं सफरचंदाची फोड चावली, पाणी प्यायली, आणि "आत येऊ?" म्हटलं. दादा. पुन्हा म्हटलं. दादा, जरा हळू. तिनं घोगरेपणा काढून टाकला, तर कुणीच उरलं नाही, नुसते शब्द उरले, बँकेत नंबर पुकारतात तसे. मान तिरकी करून बघितलं. खाली बघून. पुटपुटून. कानसेन काचेपलीकडे दर वेळी नुसता बोटानं खूण करायचा, चालू आहे, चालू आहे. स्पंजच्या भिंती सगळं पीत राहिल्या. खोली आज पहिल्यांदा तिला लहान वाटली, श्वास मोजून मिळाल्यासारखी, आणि दार बाहेरून ओढलेलं आहे हे पाठीला जाणवत राहिलं. शेवटी ती दमली आणि काहीच न करता, उत्तर 'नको' असं आलं तरी चालेल अशा बेतानं, म्हणाली. कानसेनची खूण थांबली. त्यानं हेडफोन काढून हातात घेतला.

"हा कोण?" त्यानं विचारलं.

"तो नाही," ती म्हणाली. "पण त्याच्या जवळपासचा आहे." तो माणूस तिला सापडला नव्हता आणि आता सापडणारही नव्हता, पण निदान त्याची थट्टा थांबली होती.

ती घरी आली तेव्हा दार उघडंच होतं आणि दादा आलेला होता. बैठकीत खोकी मांडलेली, पुस्तकं निम्मी भरून झालेली, दादा वाकून सुतळी बांधत होता. त्याची टाळू घामानं चमकत होती. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो कुणी सांगायची वाट कधी बघायचाच नाही. "आलीस? बस, दमली असशील," तो म्हणाला आणि स्वयंपाकघरातून झाकून ठेवलेला चहा घेऊन आला. तिच्यासाठी म्हणून जास्त साखर घातलेला. तिनं साखर कमी केल्याला किती वर्षं झाली. तिनं तो प्यायला, कारण तहान लागली होती, आणि कारण दादा वाईट माणूस नव्हता हे तिला कळत होतं. वाईट असता तर सगळं किती सोपं झालं असतं. कादंबरीतल्या त्या मुलीचं एक बरं होतं, तिचा काका शेवटी तरी उघडा पडला. हा इथे तिच्यासाठी खोकी भरत होता, कंबर धरून, आणि तिला त्याची टाळू पुसावीशी वाटत होती.

"दादा, मी येत नाही."

"म्हणजे? रविवारी नाही?"

"रविवारी नाही. मी इथेच राहणार."

तो सुतळी बोटाला गुंडाळत राहिला. मग तोच मऊ आवाज आला, शेवटी सुस्कारा असलेला. "मी तुला कधी कशाला नाही म्हटलंय का, बेबी? बघ. तुझं तू ठरव."

"ठरवलं," ती म्हणाली. "आणि किल्ली ठेवून जा."

दादानं तिच्याकडे असं बघितलं की जणू टेबलावर उभी केलेली मुलगी पाठ करून दिलेलं सोडून भलतंच काही बोलली. त्यानं खिशातून जुडगा काढला, त्यातली किल्ली सोडवायला त्याला फार वेळ लागला, ती नखानं निघेना. तिला मदत करावीशी वाटली आणि तिनं हात मागे धरून ठेवले. किल्ली खोक्यावर ठेवून तो गेला. तिनं आतून कडी लावली आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली. घर एकदम स्टुडिओसारखं शांत झालं. कडी आपणच लावली तरी माणूस आतच असतो, असं तिच्या मनात आलं. सुटल्यासारखं काही वाटलं नाही. अर्धी भरलेली खोकी तोंड उघडून तिच्याकडे बघत होती. तेवढ्यात एका खोक्यावर तिला दादाचा चष्मा दिसला. चष्म्याशिवाय त्याला जिन्याची पायरीसुद्धा धड दिसत नाही.

बेल वाजली. त्या घरात दादानं वाजवलेली ती पहिली बेल. त्याला ती वाजवताही येत नव्हती, बोट ठेवलं ते ठेवलंच. मग बेल थांबली आणि बाहेरून तो बोलला. जिने उतरून पुन्हा चढलेला, श्वास न पुरणारा, आणि बहुधा रडलेला तो आवाज खरखरत, ओढत, घशातून फरफटत आला. त्यात नक्कल नव्हती.

"येऊ का?"

ती दाराकडे बघत राहिली. त्यानं विचारलं होतं, म्हणजे आता त्याला थांबताही येईल. तिनं चष्मा उचलला, साडीच्या पदरानं त्याच्या काचा पुसल्या, एक पुसली, मग दुसरी. बाहेर कुणी कडी हलवली नाही.

"थांब," ती म्हणाली. तो आवाज कोणाचा होता ते तिला ओळखता आलं नाही, म्हणजे बहुधा तो तिचाच असावा.